डायलिसिसच्या दिवशी आलेली ईद

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत जाते. या बाजूला मिठागरे आहेत. भरतीचे पाणी आत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि पावसाळ्याआधी मिठाच्या राशी रचायच्या, हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अशा मिठाच्या गावात साठ फुटी रस्त्याजवळ एक कोकणी मुस्लिम कुटुंब राहते. त्यांच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी २०२३च्या पावसाळ्यापासून ओट्यावर नाही, कपाटात आहे. तिच्या शेजारी पाव चमच्याचे एक माप ठेवलेले असते.

घरातले अब्बा त्रेसष्ट वर्षांचे. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, उमेदीची वर्षे जहाजावर गेली. मधुमेह वीस वर्षांचा. तो गोळीने आवरतो, असे ते सगळ्यांना सांगत आणि गोळी मात्र आठवण झाली तर घेत. मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण आज मधुमेह हेच आहे, त्याखालोखाल रक्तदाब. दोन्ही दुखणी दुखत नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. आता दर सोमवार, बुधवार, शुक्रवार चार तास त्यांचे रक्त यंत्रातून गाळून परत अंगात जाते.

रोजे सुटले. कुरआनातल्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींमध्ये आजारी माणसाला रोजातून सवलत आहे. बरे होण्याची आशा नसेल तर रोजाच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावे, म्हणजे फिदया द्यावा, अशी व्यवस्था आहे. डायलिसिसवरच्या मधुमेही रुग्णाला डॉक्टरही रोजा ठेवू देत नाहीत. तरी इफ्तारच्या वेळी अब्बा सगळ्यांबरोबर बसतात. खजूर विषम संख्येत खावा अशी रीत आहे. पहिल्या रमजानमध्ये सुनेने त्यांच्यापुढे एकच लहान खजूर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, “एक पण विषमच की गं!” एका लहान खजुरात पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. तेवढे चालते. मोठ्या मेदजूल खजुरात मात्र त्याच्या तिप्पट असते, आणि हल्ली भेट म्हणून डबे येतात ते त्याचेच.

हा पोटॅशियम शब्द या घराने २०२४च्या ईदला शिकला. ती ईद ११ एप्रिलला, गुरुवारी आली. आदल्या दिवशी डायलिसिस झाले होते, अंगात हुशारी होती. नमाजनंतर अब्बा निघाले ते संध्याकाळपर्यंत सहा घरी जाऊन आले. प्रत्येक घरी शीर खुर्म्याची वाटी, वर सरबत, कुठे बिर्याणी, कुठे नुसते “अहो, थोडं तरी घ्या, एक दिवसानं काय होतंय!” रात्री त्यांना आडवे झोपता येईना. दम लागला, पाय जड झाले. रुग्णालयात वजन केले तर साडेतीन किलो वाढलेले. ते सारे पाणी होते. रक्तातले पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असायला हवे, ते सातच्या जवळ पोचले होते. पहाटे तातडीने डायलिसिस झाले म्हणून ते वाचले.

पोटॅशियम हे केळ्यात, बटाट्यात, टोमॅटोत, दुधात, सुक्या मेव्यात, डाळीत, थोडक्यात ज्याला आपण पौष्टिक म्हणतो त्या बहुतेक पदार्थांत असते. चांगली मूत्रपिंडे जास्तीचे पोटॅशियम लघवीवाटे टाकून देतात. ती थकली की ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडवते. पुष्कळदा आधी काही सूचनाही मिळत नाही. आग्रह करणाऱ्या सहा घरांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते. कुणाचीच नियत वाईट नव्हती. आपल्याकडे आजारी माणसाला घास भरवणे म्हणजे माया, आणि ‘नको’ म्हणणे हा अपमान.

पुढची ईद आणखी अवघड होती. ३१ मार्च २०२५, सोमवार. शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातले सर्वांत मोठे अंतर. दोन दिवसांचे साठलेले पाणी, पोटॅशियम आणि फॉस्फरस घेऊन रुग्ण सोमवारी यंत्राजवळ येतो, म्हणून डॉक्टर या दिवसाला जास्त जपतात. त्यात रविवारी, ३० मार्चला गुढीपाडवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून दरवर्षी श्रीखंड-पुरी येते. श्रीखंड म्हणजे पाणी निथळून घट्ट केलेले दहीच, त्यात फॉस्फरस आलाच.

शिवाय ईद सोमवारी की मंगळवारी, हे रविवारी संध्याकाळच्या चंद्रावर अवलंबून. सकाळची पाळी आणि ईदची नमाज एकाच वेळी येणार. “एक दिवस राहू दे, मंगळवारी जाऊ,” असे अब्बांनी सुचवून पाहिले. सुनेने ऐकले नाही. आठवडाभर आधी तिने डायलिसिस केंद्रात जाऊन विचारले, “चंद्र दिसला तर दुपारची पाळी द्याल का? नाही दिसला तर नेहमीची सकाळची.” तिथल्या सिस्टरांनी वहीत दोन्ही नोंदी करून ठेवल्या. ज्या घरांत अशी वेळ येऊ शकते त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. केंद्रे ऐकतात, पण आधी सांगितले तर. चाँदरातीला रात्री दहाला फोन करून काही होत नाही.

चंद्र दिसला. दुपारी दोन ते सहा डायलिसिस ठरले, आणि त्याबरोबर घराने आणखी एक निर्णय घेतला. ईदची दावत दुपारी नाही, रात्री आठला. भरपेट जेवून डायलिसिसला बसले की रक्तदाब खाली येतो, चक्कर येते, उलट्या होतात. “मशीनवर जायचंच आहे, मग खाऊन घ्या, सगळं निघून जाईल,” असे वॉर्डाबाहेरच्या बाकांवर एकमेकांना सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धवट खरे आहे. पोटॅशियम बरेच निघते, पण फॉस्फरस चार तासांत पुरता निघत नाही. तो साचत राहिला की हाडे ठिसूळ होतात, रक्तवाहिन्या कडक होतात आणि अंगाला खाज सुटते. अब्बांची पाठ रात्र-रात्र खाजते ती त्यामुळेच.

सकाळचा प्रश्न शीर खुर्म्याचा होता. घट्ट आटवलेले दूध, खारीक, बदाम, पिस्ते, चारोळी, बेदाणे. घरगुती हिशेबाने त्याच्या एका मोठ्या वाटीत सहाशे मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम सहज जाते. ज्या रुग्णांना मर्यादा घातलेली असते त्यांना अनेकदा दिवसभराचे दोन ते अडीच हजारच सांगितलेले असते. वर फॉस्फरस वेगळा आणि द्रव वेगळा. खुर्मा चमच्याने खाल्ला तरी तो पाण्याच्या हिशेबातच धरायचा, हे सांगितल्याशिवाय सुचत नाही.

वाईट तर शेवया नाहीतच. मैद्याच्या शेवयांत पोटॅशियम थोडेच असते. म्हणून अम्मींनी तुपावर शेवया तांबूस भाजल्या, गरम पाण्याचा हबका मारून वाफ दिली, अगदी कमी साखर घातली, वेलची, केशर आणि शेवटी केवड्याचे दोन थेंब. दूध नुसते शिंपडल्यासारखे. सुका शेवयांचा हा प्रकार काही नवा नाही, कित्येक घरांत तो होतोच. अब्बांच्या वाटीवर दोन बदामांचे काप आणि एका खजुराचे तुकडे. वाटी अर्धी, कारण मधुमेह आहेच. इतरांसाठी मेवा वेगळ्या ताटलीत ठेवला, ज्याने त्याने घ्यावा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या वर्षी या घरात अब्बांचे जेवण वेगळ्या पातेल्यात शिजत असे. त्यांनी दोन महिने ते मुकाट्याने खाल्ले आणि एक दिवस ताट सरकवून म्हणाले, “मी काय कैदी आहे?” तेव्हापासून पातेले एकच झाले. पदार्थ सगळ्यांसाठी सौम्य शिजतो आणि ज्याला हवे तो पानात मीठ-मेवा वाढवून घेतो. आहारपत्रकात हे लिहिलेले नसते. बऱ्याच ठिकाणी हातात पडणारा कागद इंग्रजीत असतो आणि त्यावर झुकिनी आणि क्रॅनबेरी असतात. भाईंदरच्या भाजीबाजारात दुधी, पडवळ, कोबी मिळतो. त्या कागदाचे मराठी, उर्दू, गुजराती करून द्यायला कितीसा खर्च येईल?

रात्रीच्या दावतीला अकनी ठरली होती. अकनी म्हणजे मटणाच्या यखनीत शिजवलेला कोकणी पुलाव. जीव सगळा त्या यखनीतच, आणि मीठ, पोटॅशियम, फॉस्फरसही तिच्यातच उतरलेले. सुनेने मटणाचे तुकडे नेहमीपेक्षा लहान करून घेतले, भरपूर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळले आणि ते पहिले पाणी ओतून दिले. अम्मींना ते बघवले नाही. “अगं, सगळी चव मोरीत घातलीस!” चव थोडी जाते, हे खरेच. ती परत आणायला खडा मसाला हात सैल सोडून पडला: दालचिनी, लवंग, शहाजिरे, बडीशेप, मसाला वेलची. आले-लसूण ताजे वाटलेले, हिरवी मिरची, शेवटी लिंबाची पिळवणी. आंबट आणि तिखट ही दोन्ही जिभेला मिठाची उणीव विसरायला लावतात. मीठ कमी करायचे म्हणून मसालाही कमी करणारी घरे उगाच स्वतःचे हाल करून घेतात.

बटाटे घातले नाहीत. घालायचेच असतील तर साल काढून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकायचे आणि पुन्हा ताज्या पाण्यात उकळायचे. नुसते भिजत ठेवून फारसे पोटॅशियम निघत नाही, उकळल्याने निघते. दह्याच्या कोशिंबिरीऐवजी काकडी, थोडा कांदा, सिरका, भाजलेले जिरे. तळलेला कांदा वरून चिमूटभर.

मीठ शिजताना अजिबात घातले नाही. दिवसाला साधारण पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, ही साऱ्या दिवसाची हद्द. त्यातला पाव चमचा रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवला होता. तो अब्बांनी स्वतःच्या हाताने पानावर भुरभुरला. शिजवताना मुरलेले मीठ जिभेला कमी लागते, वरून घातलेले आधी लागते. सुनेला ही युक्ती शेजारच्या गुजराती भाभींकडून मिळाली. देवचंद नगरातल्या बावन जिनालयाच्या परिसरात जैन घरे पुष्कळ. चैत्र आणि आश्विनातल्या ओळीचे नऊ दिवस आयंबिल करणारे दिवसातून एकदा, दूध, दही, तूप, तेल, साखर यांशिवाय जेवतात. कित्येक जण मीठही सोडतात. अळणी जेवणाची सवय जिभेला होते, पहिले आठ-दहा दिवस जड जातात, हे भाभींनी स्वतःच्या अनुभवाने सांगितले. तपासाठी सोडलेले आणि आजाराने सुटलेले मीठ यांत फरक आहेच, पण जीभ तीच.

मिठाच्या बाबतीत दोन फसगती अगदी सर्रास होतात. एक म्हणजे सैंधव. उपवासाला चालते म्हणून ते सौम्य, असा समज आहे. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे. दुसरी फसगत जिवावर बेतणारी. बाजारात ‘कमी सोडियमचे’ मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. रक्तदाब असलेल्या इतरांना ते उपयोगी पडू शकते, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तेव्हा मूत्रपिंडे कमकुवत असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळले. या घरात एका भाच्याने मायेने तीच पिशवी आणून दिली होती. ती आता खालच्या वॉचमनकडे आहे, आणि त्यालाही विचारून दिली की तुला किडनीचा त्रास नाही ना!

तयार बिर्याणी मसाल्याच्या पाकिटावरही घटकांची यादी वाचावी. मीठ त्यात बहुधा वरच्याच ओळीत असते. काळ्या रंगाच्या शीतपेयांत फॉस्फोरिक आम्ल असते, आणि अशा मिसळलेल्या फॉस्फरसचा जवळजवळ सगळा भाग शरीर शोषून घेते. डाळी-धान्यातला तेवढा शोषला जात नाही. आणि गाडीवर तिखट-मीठ लावून मिळणारे करमळ, म्हणजे कमरख, मूत्रपिंडाच्या रुग्णाने एक फोडही खाऊ नये. त्यातले विष मेंदूवर जाते. थांबत नाही अशी उचकी, भ्रम, झटके आणि मृत्यूही झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. शहाळ्याच्या पाण्याला सगळे अमृत म्हणतात. पोटॅशियम वाढलेल्या माणसाला ते नको.

रात्रीच्या पानावर अब्बांचे धाकटे भाऊही होते. त्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे, पण डायलिसिसची वेळ आलेली नाही. दोघे भाऊ शेजारी बसले आणि दोघांची पाने वेगळी निघाली. डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात, म्हणून त्यावर असलेल्याला किलो वजनामागे दिवसाला एक ते १.२ ग्रॅमपर्यंत प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ-बहात्तर ग्रॅम. शिजलेले शंभर ग्रॅम मटण म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. तेव्हा अब्बांना चार तुकडे आग्रहाने वाढले गेले. धाकट्यांना डॉक्टरांनी किलोमागे अर्ध्या-पाऊण ग्रॅमचीच परवानगी दिली आहे, त्यांच्या पानात दोन. ते जरा हिरमुसले. “किडनी याची गेली आणि मटण पण याच्याच पानात?” यावर सगळे हसले. पण मुद्दा हसण्यावारी नेण्याचा नाही. एकाचे आहारपत्रक दुसऱ्याने, मग तो सख्खा भाऊ का असेना, पाळू नये. रक्ताचा अहवाल ज्याचा, कागद त्याचाच.

पहिल्या घासाबरोबर अब्बांनी खिशातून गोळी काढली. फॉस्फरस बांधून ठेवणारी ही गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते, नंतर आठवून उपयोग नाही. ईदच्या गर्दीत ती हमखास राहते, म्हणून नव्या कुर्त्याच्या खिशात ती सकाळीच टाकलेली होती. अत्तराच्या बाटलीशेजारी.

पाण्याचे गणित सर्वांत निष्ठुर. ज्याची लघवी दिवसाला दोनशे मिलिलिटरवर आली आहे त्याला साधारण त्यात पाचशे मिळवून, म्हणजे सातशे मिलिलिटर द्रव. चहा, सरबत, आमटी, बर्फ सगळे धरून. पाच घरी एकेक ग्लास सरबत म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो वजन. म्हणून मंगळवारी, बाशी ईदला, अब्बा नातेवाइकांकडे गेले तेव्हा सुनेने आधीच सगळ्यांना निरोप पाठवला होता: “अब्बा येतायत. सरबत नको. एक लवंग किंवा लिंबाची फोड द्या.” दोन घरी राग आला. एका घरी वयस्क खालांनी मात्र लहान चांदीच्या वाटीत, अत्तरदाणीशेजारी, तीन लवंगा ठेवून दिल्या. अब्बा त्या घरी सर्वांत जास्त वेळ बसले.

आणि गळाभेट. अब्बांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. तो हात दाबला जाऊ नये, त्यावर ओझे येऊ नये. ईदच्या नमाजनंतर मात्र माणसे कडकडून मिठी मारतात. धाकटा नातू त्या दिवशी त्यांच्या डाव्या बाजूला पहारेकऱ्यासारखा चालत होता आणि येणाऱ्याला सांगत होता, “इकडून! दादांना इकडून भेटा!”

डायलिसिसची ही दगदग खर्चाचीही आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला, दारिद्र्यरेषेखालच्यांना जिल्हा रुग्णालयांत मोफत सोय व्हावी म्हणून. पण आठवड्यातून तीनदा जायचे तर केंद्र घराजवळच हवे, रिक्षाच्या भाड्यातच अनेकांचे कंबरडे मोडते. जवळचे केंद्र आणि दोन पैसे गाठीशी असणारे हे कुटुंब नशीबवान म्हणायचे. जागतिक मूत्रपिंड दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. २०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये तो रमजानमध्ये आला, आणि यंदाही १२ मार्चला रमजानमध्येच आला.

यंदा ईद शुक्रवारी २० मार्चला की शनिवारी २१ला, हे गुरुवारी संध्याकाळचा चंद्र ठरवेल. गुरुवारीच गुढीपाडवा. शुक्रवारी ईद आली तर पुन्हा अब्बांच्या पाळीचाच दिवस. सुनेने केंद्रात दोन्ही नोंदी करून ठेवल्या आहेत. अम्मींनी शेवया आणल्या आहेत. खालच्या काकूंनी विचारणा केली आहे की श्रीखंडाऐवजी पुरीबरोबर काय पाठवू, दुधीची कमी मिठाची भाजी चालेल का? चालेल, पण फोडी आधी उकळून पाणी टाकायला सांगा, असा निरोप गेला आहे.